उताऱ्याचे आकलन

वडीगोद्रीत ‘उतारा’ हा शब्द चार अर्थांनी चालतो. तलाठ्याकडे मिळतो तो सातबाराचा उतारा. मराठीच्या पेपरात येतो आणि ज्याच्याखाली पाच प्रश्न असतात, तो उतारा. विंचू चावल्यावर शोधतात तो उतारा. आणि दिवाळी झाली की पारापासून हायवेवरच्या हॉटेलापर्यंत ज्याच्यावरून वाद झडतात, तो साखरेचा उतारा. शंभर किलो ऊस गाळला तर किती किलो साखर पोत्यात पडली, तो आकडा. मला लिहायचे आहे ते या चौथ्या उताऱ्याबद्दल, पण वाचायची पद्धत मात्र दुसऱ्या उताऱ्याची. म्हणजे मजकूर समोर ठेवायचा आणि विचारायचे, हे कुणी लिहिले, कुणासाठी लिहिले, वाक्यातला कर्ता कुठे गेला?

साहित्याच्या नियतकालिकात साखरेचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण मराठीत विज्ञान लिहिले जाते तेव्हा तेही गद्यच असते, आणि त्या गद्याची समीक्षा जवळजवळ कुणी करत नाही. विज्ञानलेखनावर आपण ‘सोपे आहे’ किंवा ‘अवघड आहे’ एवढेच बोलतो. कवितेबद्दल एवढेच बोलून कुणी सुटले असते का?

आधी गाव. वडीगोद्री अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर. जायकवाडीचा डावा कालवा या पट्ट्यातून जातो आणि कालव्यामागोमाग ऊस आला. जवळच अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. ज्वारी-बाजरीच्या मुलखात दोन पिढ्यांत उसाची भाषा रुजली: आडसाली, खोडवा, पाचट, वाढे, टोळी, मुकादम, उचल, कोयता, काटा, गव्हाण. यातला प्रत्येक शब्द एखादी वस्तू, एखादे काम किंवा एखादा व्यवहार नेमका दाखवतो. ‘कोयता’ म्हणजे हत्यारही आणि ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपेही. एका शब्दात अख्खी अर्थव्यवस्था. या शब्दसंग्रहात एक जागा मात्र रिकामी आहे. ऊस तोडल्यानंतर त्याच्या आत जे घडते, त्याला शब्द नाही. ‘ऊस शिळा झाला’ म्हणतात, तेवढेच.

काय घडते? उसातली साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोजचा एक रेणू आणि फ्रुक्टोजचा एक रेणू यांची ती जोडी. उसाच्या कोवळ्या कांड्यांत इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम भरपूर असते. पानांकडून आलेले सुक्रोज ते फोडते, आणि त्या दोन सुट्या साखरांवर कांडे वाढते. कांडे पक्व होत जाते तसे हे एन्झाइम ओसरते आणि साखर साठू लागते. म्हणजे ‘ऊस पिकला’ याचा रासायनिक अर्थ काही अंशी असा की फोडणारा हात थांबला. कोयता बसला की ऊस ताबडतोब मरत नाही, तो श्वसन करत राहतो. मुळाकडून पाणी येणे बंद, वरून एप्रिल-मेचे ऊन. अशा वेळी इन्व्हर्टेज पुन्हा कामाला लागते आणि साठवलेले सुक्रोज फुटू लागते. शिवाय कापलेल्या तोंडातून ल्युकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू आत शिरतात. त्यांचे स्वतःचे एन्झाइम सुक्रोजमधल्या ग्लुकोजच्या लांबच लांब माळा ओवते. त्या चिकट पदार्थाला डेक्स्ट्रान म्हणतात. त्याने रस बुळबुळीत होतो, गाळणे आणि दाणा धरणे दोन्ही अवघड होते. म्हणून ऊसशास्त्र सांगते की तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा.

यातली खरी गंमत, किंवा खरी फसवणूक, चवीची आहे. सुक्रोज फुटले म्हणून उसाचा गोडवा जात नाही. फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षा गोड असते. २०२२ च्या मे महिन्यात आमचा तोडलेला ऊस वाहनाअभावी चार दिवस फडात पडून होता. कोणत्या कारखान्याची टोळी होती ते महत्त्वाचे नाही, त्या वर्षी सगळीकडे तेच होते. आमच्या अण्णांनी एक कांडे दातांनी सोलून चावले आणि म्हणाले, “गोडच हाय की. वाळला आसंल जरासा.” अण्णांची जीभ खोटे बोलत नव्हती. फक्त कारखाना जिभेने मोजत नाही. त्याला दाणा हवा असतो, आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजचे मिश्रण पॅनमध्ये दाणा धरत नाही. ते मळीत जाते. शेतकऱ्याच्या हातातले रिफ्रॅक्टोमीटर नावाचे छोटे यंत्रसुद्धा येथे उपयोगाचे नाही. ते रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ, म्हणजे ब्रिक्स, दाखवते. सुक्रोज फुटले तरी ब्रिक्स पडत नाही. उलट ऊस सुकला की थोडा वाढतोच. फरक दिसतो तो कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या पोलरिमीटरमध्ये. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते. फुटलेले मिश्रण डावीकडे. दिशा उलटते म्हणून त्या मिश्रणाला ‘इन्व्हर्ट’ साखर म्हणतात आणि म्हणून एन्झाइमचे नाव इन्व्हर्टेज. एका उपकरणाच्या डोळ्याला जे दिसले, त्यावरून हे नाव पडले. ज्याच्याकडे ते उपकरण नाही, त्याला नावातली उलथापालथ कळायची कशी?

आता पाठ्यपुस्तक घेऊ. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात सजीवांतील जीवनप्रक्रियांचे प्रकरण आहे. ग्लुकोज-विघटन, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी, सगळे त्यात आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हे मराठीत उपलब्ध होणे ही लहान गोष्ट नाही, आणि ते नीट क्रमाने मांडलेले आहे. माझी तक्रार माहितीबद्दल नाही, वाक्यांबद्दल आहे. त्यात विघटन ‘होते’, रेणू ‘तयार होतात’, ऊर्जा ‘मिळते’. करणारे कुणी दिसत नाही. ग्लुकोजच्या रेणूपासून पायरुविक आम्लापर्यंत दहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर एक वेगळे एन्झाइम उभे आहे. एक फॉस्फेट चिकटवते, एक रेणूची रचना बदलते, एक त्याचे मधोमध दोन तुकडे करते. प्रत्येकाची गती वेगळी. शिवाय तिसऱ्या पायरीवरचे एन्झाइम पेशीत ऊर्जा पुरेशी आहे असे दिसले की स्वतःच मंदावते. ही कर्तृत्वाची गोष्ट आहे. मराठीला कर्ता-कर्म-क्रियापद यांचा तुटवडा नाही. तरी आपण ती अशी लिहितो की जणू नदीला पूर आला, घर पडले, माणसे गेली. आपोआप.

याचे एक कारण ‘विकर’ हा शब्द आहे, असे मला वाटते. एन्झाइमसाठी शाळेच्या मराठीत तो रूढ झाला. संस्कृतात बघितले तर बदल घडवणारा, असा अर्थ निघतो, म्हणजे व्युत्पत्ती चोख. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाही, शेजाऱ्यांवर जगतो. ‘विकर’चा शेजारी ‘विकार’. एका कान्याचा फरक. मूळव्याध, संधिवात, मनोविकार यांच्या वस्तीत हा नवा भाडेकरू येऊन राहिला, आणि पाचक विकर म्हटले की वर्गातल्या निम्म्या पोरांना पोटाचा आजार आठवतो. त्याआधी ‘किण्वक’ होता. तो आंबवण्याच्या क्रियेशी जोडलेला होता, म्हणून निदान काही करताना दिसे. मराठी विश्वकोशाने ‘एंझाइम’ हाच शब्द ठेवला. तो निर्णय मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण मूळ शब्दातही स्वयंपाकघर आहे. १८७० च्या दशकात व्हिल्हेल्म क्यूने या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तो ग्रीकमधून घडवला, अर्थ ‘यीस्टमधले’. खमिरातले. मराठीत त्याच्या तोडीचे काही हवेच होते, तर ते कोशात नाही, ताकाच्या डेऱ्यात शोधायला हवे होते.

सगळेच पारिभाषिक शब्द वाईट आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. ‘चयापचय’ हा शब्द मला अफलातून वाटतो. इंग्रजीतल्या मेटॅबोलिझममध्ये नुसता बदल आहे. चयापचयात जमा आणि खर्च दोन्ही आहेत, एकाच श्वासात. ज्या कुणी तो बसवला त्याला जमाखर्चाची वही माहीत होती. ‘कर्बोदक’ तर भाषांतर म्हणून बिनचूक आहे: कर्ब आणि उदक. पण त्याने ‘पिष्टमय पदार्थ’ हा जुना शब्द मागे सारला आणि त्याबरोबर पीठही गेले. ज्वारीची भाकरी तोंडात बराच वेळ चघळली की गोड लागू लागते, ते लाळेतल्या अमायलेजमुळे. पिठाची साखर होते. ‘पिष्टमय’ या शब्दाने ती गोष्ट अर्धी सांगितलेली असायची.

मग प्रतिमांचा प्रश्न येतो. एन्झाइम म्हटले की आपल्या प्रत्येक पुस्तकात कुलूप-किल्ली येते. ती एमिल फिशरने १८९४ मध्ये दिली, आणि दिली तीसुद्धा साखरांवर काम करतानाच. हा रेणू या एन्झाइमला चालतो, त्याचाच आरशातला जुळा चालत नाही, हे समजावायला कुलूप-किल्ली उत्तम आहे. पण कुलूप किल्लीने बदलत नाही आणि किल्लीचे कुलपात गेल्यावर दोन तुकडे होत नाहीत. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंडने सुचवले की रेणू आत येताना एन्झाइम स्वतःचा आकारही बदलते. हात घातल्यावर हातमोजा घेतो तसा. गेली साठ-पासष्ट वर्षे हे माहीत असून आपली प्रतिमा जुनीच.

विरजण ही मराठी माणसाला पहिली सुचणारी प्रतिमा, आणि ती अर्धवट चुकीची आहे. विरजणात जिवाणू असतात, ते वाढतात. एन्झाइम वाढत नाही, पिल्ले घालत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात नेमका यावरच वाद होता. आंबणे हे जिवंत पेशीचेच काम आहे की नुसत्या रसायनाचे? तो सुटला तो एका मजेदार घटनेने. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर खलून, पिळून, पेशी नसलेला रस काढला. तो रस नासू नये म्हणून त्यात साखर घातली, आपण मुरंब्यात घालतो तशी. रसातून बुडबुडे येऊ लागले. जिवंत काही नव्हते आणि साखर आंबत होती. त्याला १९०७ चे नोबेल मिळाले. आपल्या स्वयंपाकघरात याला खरी समांतर वस्तू विरजण नाही, कच्ची पपई आहे. मटण शिजत नसले की तिचा तुकडा टाकतात. पपई मटणात वाढत नाही, तिच्यातले पपेन नावाचे एन्झाइम प्रथिने तोडत जाते आणि स्वतः संपत नाही. ही प्रतिमा पुस्तकात का नाही, याचे उत्तर बहुधा मटण या शब्दातच आहे.

पण माझ्या मते सर्वांत मोठी चुकलेली संधी वेगळीच आहे. एन्झाइमच्या गतीचे गणित ज्या निबंधाने उभे केले, तो १९१३ चा मायकेलिस आणि मेंटेन यांचा निबंध. लिओनोर मायकेलिस बर्लिनचा, मॉड मेंटेन कॅनडाहून तिथे काम करायला आलेली डॉक्टर. जगातल्या प्रत्येक जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात त्यांचे समीकरण असते. त्यांनी कोणत्या एन्झाइमवर प्रयोग केला? इन्व्हर्टेजवर. यीस्टमधले इन्व्हर्टेज, उसातली साखर आणि पोलरिमीटर. म्हणजे फडात पडलेल्या मोळीत जे घडते तेच त्यांनी काचेच्या भांड्यात, आम्लता सांभाळून, मिनिटामिनिटाला मोजले. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला हे समीकरण शिकवताना याहून जवळचे उदाहरण नाही, आणि मी तरी ते कुठल्या वर्गात ऐकलेले नाही.

समीकरणाचा गाभा कारखान्याच्या यार्डात उभे राहून सांगता येतो. गव्हाणीसमोर दोन ट्रॅक्टर असले तर गाळप त्या दोनांच्या हिशेबाने होईल. वीस आले, वेग वाढेल. पण दोनशे ट्रॅक्टर रांगेत लागले तरी कारखान्याची दिवसाची गाळप क्षमता आहे तेवढीच. त्यापुढे फक्त रांग वाढते. एन्झाइमचे तसेच आहे. साखर थोडी असेल तेव्हा साखर वाढली की वेग वाढतो. एन्झाइमचे सगळे रेणू गुंतले की वेग तिथेच टेकतो. अर्धा वेग गाठायला किती साखर लागते, तो आकडा म्हणजे मायकेलिसचा स्थिरांक. ज्यांच्या घरातल्या माणसांनी ट्रॅक्टरखाली दोन-दोन रात्री काढल्या आहेत, त्यांना हे समजावायला आलेख लागत नाही.

रांगेवरून दुसऱ्या मजकुराकडे वळतो. २०२१-२२ चा हंगाम महाराष्ट्रात विक्रमी उसाचा होता. मराठवाड्यात मे उजाडला तरी उभा ऊस शिल्लक होता, त्याला तुरे आले होते. तेव्हा राज्य सरकारने दोन अनुदाने जाहीर केली. पन्नास किलोमीटरच्या पलीकडून ऊस आणला तर टनाला दर किलोमीटरमागे ५ रुपये, आणि १ मेनंतर गाळलेल्या उसासाठी टनाला २०० रुपये ‘घट उतारा’ अनुदान. दोन्ही कारखान्यांसाठी. निर्णय योग्य होता की नाही यात मी शिरत नाही. त्याविना तो ऊस फडातच जळाला असता हे खरे. मला रस आहे तो ‘घट उतारा’ या दोन शब्दांत. उतारा घटला. कुणी घटवला? पाठ्यपुस्तकातले ‘होते’ इथे सरकारी कागदात येऊन बसले. इन्व्हर्टेजची गती तापमानाबरोबर वाढते, उभा ऊस अतिपक्व झाला, तोडलेला ऊस रांगेत थांबला, ही प्रत्येक पायरी कुणाच्या तरी निर्णयाशी जोडलेली आहे. क्षेत्राचा अंदाज, टोळ्यांचे करार, तोडणीचा कार्यक्रम. ‘घट’ म्हटले की ते सगळे हवामान होऊन जाते.

आणि घट कुणाच्या खात्यात? त्या हंगामात एफआरपी १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २९० रुपये होती आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे. पण हा उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी असतो, माझ्या फडाचा नव्हे. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. म्हणजे चार दिवस पडलेल्या उसाचे दोन नुकसान होतात आणि ते दोन वेगळ्या वह्यांत जातात. पाणी उडाले, वजन घटले: ते ज्याचा ऊस त्याचे एकट्याचे. साखर उलटली: ती सरासरीत मिसळली, सगळ्यांची थोडीथोडी, म्हणून कुणाचीच नाही. अण्णांना पहिले दिसले, दुसरे दिसण्याची सोयच नाही. वर मी म्हटले की एका जागेला शब्द नाही, ती जागा ही. शब्द नसलेल्या नुकसानीवर भांडता येत नाही.

गावाचे नाव महाराष्ट्राने ऐकले ते मात्र उसामुळे नाही, उपोषणामुळे. शेजारच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणे झाली. २०२४ च्या जूनमध्ये वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषण झाले. मला त्या मागण्यांवर इथे बोलायचे नाही. त्या महिन्यांत वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी उपाशी शरीराबद्दल जे मराठी लिहिले, ते मात्र तपासण्यासारखे आहे. ठरलेली वाक्ये होती. प्रकृती खालावली, शुगर कमी झाली, डॉक्टरांनी तपासणी केली, सलाइन घेण्यास नकार. यातली ‘शुगर’ हे पात्र रोज बातमीत येई, जणू शरीर म्हणजे टाकी आणि शुगर म्हणजे तिचा काटा.

शरीर टाकीसारखे वागत नाही. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते, म्हणजे ग्लुकोजची साठवण. ती जेमतेम एक दिवस पुरते. स्नायूंत त्याच्या चौपट साठा असतो, पण तो रक्तात उतरत नाही. स्नायूंकडे शेवटचे फॉस्फेट काढून ग्लुकोज मोकळे करणारे एन्झाइमच नाही. कणगी भरलेली आणि दार शेजाऱ्याकडे उघडत नाही, असे काहीसे. दुसऱ्या दिवसापासून यकृत प्रथिनांमधून, म्हणजे मुख्यतः स्नायू मोडून, नवे ग्लुकोज घडवते. मग चरबीपासून कीटोन तयार होतात आणि मेंदू हळूहळू त्यांच्यावर चालायला शिकतो, म्हणजे स्नायूंची मोड थोडी थांबते. हा सगळा खटाटोप कशासाठी? रक्तातली साखर एका पातळीखाली जाऊ नये म्हणून. म्हणजे निरोगी माणसाच्या उपोषणात रक्तशर्करा हा आकडा शरीर शेवटपर्यंत सांभाळायला बघते. तो बरा दिसतो तेव्हाही आत मांस खर्ची पडत असते. बातमीने नेमका तोच आकडा निवडावा, जो सर्वांत कमी सांगतो!

शिवाय बातमीची गोष्ट रसाच्या ग्लासावर संपते. फोटो, ग्लास, कुणा नेत्याचा हात, टाळ्या. जीवरसायनाच्या हिशेबाने धोक्याचा एक मोठा टप्पा तिथे सुरू होतो. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर गेली की इन्सुलिन उसळते, पेशी ग्लुकोजबरोबर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम ओढून घेतात, आणि हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांना हे फार महागात कळले. गावोगावी उपोषणे होणाऱ्या राज्यात हे एक वाक्य तरी बातमीच्या शेवटी असायला हरकत नव्हती. (उपवास आणि उपोषण हे एकाच धातूचे दोन शब्द. पहिल्यात आपण साबुदाणा खातो, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दुसऱ्यात काहीच नाही. भाषा दोघांना सख्खी बहीण मानते, यकृत मानत नाही.)

असे मराठी लिहिले गेलेच नाही का? इथे मला कमला सोहोनींकडे यावेसे वाटते. जन्म १९११ चा, माहेरचे नाव भागवत. १९३३ मध्ये बंगळुरूच्या इन्स्टिट्यूटमध्ये मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी नाकारलेला प्रवेश, मग त्यांचा हट्ट, मग अटींवर प्रवेश, हा भाग आता बऱ्याच जणांना माहीत असतो. महिलादिनाच्या भाषणांत तो असतोच. त्यापुढचा भाग भाषणांत नसतो. केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे दाखवले. प्राण्यांत आणि वनस्पतींत श्वसनाची यंत्रणा एकच आहे, या समजुतीचा तो एक महत्त्वाचा दुवा. १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन त्या परत आल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळी, भाताचे पीठ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर काम केले. नीरा हा ताडामाडाचा गोड रस. पहाटे काढलेला पौष्टिक, ऊन चढले की आंबून ताडी. उसाच्या रसाचीच बहीण म्हणा, आणि वेळेची अडचणही तीच.

त्यांची थोरली बहीण दुर्गा भागवत. मराठी समीक्षेने एका बहिणीचे ऋतू, लोककथा, निबंध, पाककृतीसुद्धा साहित्य म्हणून वाचले, आणि ते रास्तच. दुसऱ्या बहिणीने ‘आहारगाथा’ लिहिली, तिला आरोग्याच्या कपाटात ठेवले. दोघी एकाच घरातल्या, दोघींचा विषय अन्न, दोघींना मराठी येत होते. मला त्या कपाटबदलाची चीड येते. सोहोनी मुंबईच्या ग्राहक संघटनेत, कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत, काम करत आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात भेसळीवर लिहीत. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या श्वसनावर काम केलेली बाई गृहिणींना भेसळ कशी ओळखावी हे सांगत होती, याला समाजकार्य म्हणून बाजूला काढू नये. प्रयोगशाळेतले ज्ञान विकत घेणाऱ्याच्या हातात कसे द्यायचे, हा गद्याचाच प्रश्न आहे. काय मोजायचे, कुणी मोजायचे, आणि मोजणाऱ्याला कोणत्या क्रियापदाने सांगायचे.

उसाच्या बाबतीत असे गद्य कसे असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो. एक पानी मजकूर, गट ऑफिसच्या भिंतीवर लावता येईल असा. त्यात पहिली ओळ ‘उतारा घटतो’ अशी नसेल. ‘तोडलेल्या उसातले इन्व्हर्टेज साखर फोडते, उन्हात जास्त वेगाने फोडते, जिभेला ते कळत नाही’ अशी असेल. वाहनाच्या चिठ्ठीवर वजनाशेजारी तोडणीची तारीख-वेळ आणि गव्हाणीत पडल्याची तारीख-वेळ असे दोन रकाने मागता येतील, कारण आता कशासाठी मागायचे ते माहीत आहे. सरासरीत बुडालेले तास निदान कागदावर येतील.

त्या पानावर आणखी एक मुद्दा घ्यावा लागेल आणि तो घेतला की हिशेब गुंतागुंतीचा होतो. २०१८ नंतर इथेनॉलला चालना मिळाली, उसाचा रस आणि जड मळी त्याकडे वळू लागली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉलवर मर्यादा आणली, पुढे ती सैल झाली. आता यीस्टला सुक्रोज जसेच्या तसे पचत नाही. ते आधी स्वतःचे इन्व्हर्टेज बाहेर काढून सुक्रोज फोडते, मग ग्लुकोज-फ्रुक्टोज खाते. म्हणजे साखरेच्या पोत्यासाठी जी नासाडी आहे, ती आसवनीच्या टाकीसाठी केवळ आधीच झालेली पहिली पायरी. जिवाणूंनी खाल्लेले आणि श्वसनात जळालेले सोडले तर उलटलेल्या साखरेचे तिथे नुकसान नाही. ‘घट’ हा शब्द रसायनाने ठरवलेला नव्हता. तो घेणाऱ्याला दाणा हवा की दारू, यावर ठरत होता. एकाच यार्डात आज दोन्ही घेणारे असतात, रांग एकच असते, आणि काट्यावरची चिठ्ठी अजून फक्त वजन सांगते.